टाळी सभेत, मग मत कुठे?

निवडणूक ग्रामपंचायतीची असो, बाजार समितीची असो की विधानसभेची, आपल्या तालुक्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. "माणूस खरा बोलतो, पण निवडून यायचा न्हाई." राजगुरुनगरच्या एसटी स्टँडवर ऐका, चाकणच्या मार्केट यार्डात ऐका, नाहीतर गावाच्या पारावर ऐका. बोलणारा मोठ्या अनुभवाचा आव आणून बोलतो आणि ऐकणारे माना डोलावतात. पुढे तो उमेदवार पडतो आणि हीच मंडळी म्हणतात, "सांगितलं नव्हतं?" वाचकहो, हे भाकीत खरे ठरते त्याचे कारण साधे आहे. ते सांगणाऱ्यांनी आणि मान डोलावणाऱ्यांनी त्याला मत दिलेलेच नसते.

हा लेख कोणा एका पक्षाच्या प्रचाराचा नाही. जातीपातीच्या पलीकडे पाहणारा, बायकांच्या हक्काचे बोलणारा, गावकीला आणि पुढाऱ्याला तोंडावर खरे सांगणारा एखादा उमेदवार तुमच्यापुढे आला आणि तो तुम्हाला पटला, तर त्याला पाठिंबा द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, एवढाच आजचा विषय. आपला मुलूख जुन्या वळणाचा. भावकी, सोयरीक, देवाची यात्रा, तालमीतली दोस्ती यावर इथले व्यवहार चालतात. त्यात वाईट काही नाही. पण या वळणावर स्पष्ट बोलणाऱ्याची गाडी अडते, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल.

खेडने एकदा करून दाखवले

आधी आपल्याच घरचा दाखला घेऊ. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत खेड लोकसभा मतदारसंघ गेला आणि आपण शिरूरमध्ये आलो. पण त्या जुन्या खेड मतदारसंघाने १९५७ साली दिल्लीला कोणाला पाठवले होते, हे आजच्या तरुणांना विचारा. दहातल्या एकाला सांगता आले तरी पुष्कळ. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके तेव्हा इथून खासदार झाले.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनएक महिन्यांत निवडणूक झाली. गावोगावी पाणवठे वेगळे होते, चहाच्या कपबश्या वेगळ्या होत्या. अशा मुलखात बाबासाहेबांच्या पक्षाचा उमेदवार निवडून आला. एकट्या दलितवस्तीच्या मतांवर ही जागा निघण्यासारखी नव्हती. मराठा, माळी, धनगर, कोळी, सगळ्यांच्या घरातून मते पडली तेव्हाच ते घडले. त्याच निवडणुकीत दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले.

हे कसे घडले? संयुक्त महाराष्ट्र समितीमुळे. शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट आणि फेडरेशन एका मांडवाखाली आले होते. मुंबईसह महाराष्ट्र हवा, हा प्रश्न इतका मोठा झाला की उमेदवाराची जात विचारायला लोकांना सवड उरली नाही. खरे सांगायचे तर ते मत माणसापेक्षा मागणीला होते. प्रश्न मिटला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १९६२ ला खेडची जागा काँग्रेसकडे गेली. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली ती झालीच. "आपल्याकडं असला माणूस निवडून येत न्हाई" हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. प्रश्न नीट मांडला आणि गावागावात माणसे उभी राहिली, तर येतो.

आंबेठाणचे उदाहरण

दुसरा दाखला त्याहून जवळचा आणि जास्त बोचणारा. चाकणपासून हाकेच्या अंतरावरचे आंबेठाण. स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे आंतरराष्ट्रीय टपाल संघातली मोठ्या पगाराची नोकरी सोडून शरद जोशी तिथे आले आणि कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. कांदा, बटाटा पिकवून पाहिला. हिशेब मांडला, तेव्हा शेती तोट्यात का जाते ते त्यांना कळले आणि त्यांनी ते आपल्याला सांगितले. १९७८ पासून चाकणच्या कांद्याचा लढा, १९७९ ला शेतकरी संघटनेची स्थापना, जानेवारी १९८० मध्ये भामनेरच्या रस्त्यासाठी वांद्रे ते चाकण पायी मोर्चा, मग पुणे-नाशिक रस्त्यावरचा रास्ता रोको. जुन्या जाणत्यांना हे सगळे पाठ आहे. त्यातले काही जण स्वतः बैलगाडी घेऊन रस्त्यावर होते.

शरद जोशी भावाचे बोलले तोवर आपल्याला गोड वाटले. पण ते तेवढ्यावर थांबणारे नव्हते. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला त्यांनी शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले. लाखाच्या वर बाया आल्या. पंचायतीच्या निवडणुकीत नुसत्या बायकांचे पॅनेल उभे करा, असे तिथून सांगितले गेले. नंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. जन्मभर रानात राबणाऱ्या बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करा, आणि ज्या गावात १०० जण हे करतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. पुढे १९९२ मध्ये शासनानेही नवऱ्याच्या हयातीत बायकोचे नाव सात-बाराला सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली.

आता मतांकडे या. शरद जोशींनी सुरुवातीला आपण मते मागायला येणार नाही असे जाहीर सांगितले होते. नंतर त्यांना वाटले की सत्तेशिवाय धोरण बदलत नाही. १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला. १९९५ ला विधानसभेसाठी हिंगणघाटमधून उभे राहिले, पडले. १९९६ ला लोकसभेसाठी नांदेडमधून उभे राहिले, पडले. ज्यांच्या सभेला मैदान पुरत नव्हते, त्यांना थेट मतावर कधी सभागृह दिसले नाही. २००४ ला ते राज्यसभेत गेले तेही राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या पाठिंब्याने. तिथेही त्यांनी स्पष्टपणा सोडला नाही. महिला आरक्षणाचे विधेयक २०१० मध्ये राज्यसभेत आले, तेव्हा विरोधात पडलेले एकमेव मत त्यांचे होते. चांदवडच्या अधिवेशनाचा माणूस विरोधात कसा, असे अनेकांना वाटले. दर निवडणुकीला चिठ्ठी टाकून मतदारसंघ फिरवण्याच्या पद्धतीला त्यांचा आक्षेप होता. पटो न पटो, माणूस मनात एक आणि ओठावर एक ठेवणारा नव्हता. १२ डिसेंबर २०१५ ला ते गेले.

या पराभवाला कारणे पुष्कळ होती. आधी मते मागणार नाही म्हटले आणि मग मागितली, हे एक. पक्षाची बांधणी कच्ची, हे दुसरे. खुल्या बाजाराची त्यांची मते सगळ्या पुरोगाम्यांनाही मान्य नव्हती, हे तिसरे. पण चौथे कारण आपल्याकडे बोट दाखवते. शेतकरी म्हणून आपण आंदोलनात गेलो आणि मतदानाच्या दिवशी पुन्हा भावकीचे, सोसायटीचे, कारखान्याचे झालो. आंदोलनाला एक दिवसाची हिंमत लागते. मताला पाच वर्षांची लागते, कारण ज्याच्या विरोधात मत दिले त्याच्याच दारात पीककर्जासाठी, ऊसतोडीच्या चिठ्ठीसाठी, नाहीतर पोराला कंपनीत ठेकेदाराकडे चिकटवण्यासाठी जायचे असते. ही अडचण खोटी नाही. तिच्यावर शहाणपणाचे भाषण हे उत्तर नाही. तिच्यावर तोड म्हणजे एकट्याने न राहणे.

सांगोल्याने काय वेगळे केले

एकट्याने न राहणे म्हणजे काय, ते सांगोल्याने दाखवले. सोलापूर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख तिथून १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले आणि २०१४ ला अकराव्यांदा. राज्यात बहुतेक काळ सत्ता दुसऱ्यांची. त्यांचा पक्ष लहान, डाव्या विचाराचा. आमदार एसटीने मुंबईला जाणारा. नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने १३ दुष्काळी तालुक्यांच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरला.

त्यांनाही पराभव चुकला नाही. १९७२ ला पडले. १९९५ ला पुन्हा पडले, तेही अवघ्या १९२ मतांनी. एवढी मते आपल्याकडच्या एका वाडीत निघतात! पण सांगोल्याच्या कार्यकर्त्याने दुसऱ्या दिवशी झेंडा बदलला नाही. १९९९ ला देशमुख पुन्हा निवडून आले. ३० जुलै २०२१ ला त्यांचे निधन झाले. त्याआधी २०१९ ला त्यांच्या नातवाचा ७६८ मतांनी पराभव झाला होता, आणि २०२४ ला दुसऱ्या नातवाने जागा परत मिळवली. घराणेशाहीचा आक्षेप घेणाऱ्याने जरूर घ्यावा. मुद्दा असा की तिथे पाठिंबा हा गावाचा नेम झाला होता. उमेदवार पडला तरी बूथवरची माणसे तीच राहिली. आपल्याकडे निकालाच्या संध्याकाळी गुलाल कोणाच्या अंगणात उडतो ते पाहून आपण चप्पल घालतो. फरक इथे आहे.

परमुलखातही हेच

कोणी म्हणेल, हे आपल्या अडाणी राजकारणाचे लक्षण. तसे नाही. अमेरिकेतले टेक्सास हे राज्य जुन्या वळणाचे, पशुपालकांचे आणि कापूस पिकवणाऱ्यांचे. तिथे राज्याचा कृषी आयुक्तही लोक मताने निवडतात. १९८२ ला तिथल्या मतदारांनी जिम हाइटॉवर नावाच्या फटकळ, पुरोगामी माणसाला आयुक्त केले आणि १९८६ ला पुन्हा निवडून दिले. फवारणी झालेल्या रानात मजुराला लगेच पाठवू नका असे नियम त्याने आणले, लहान शेतकऱ्याला थेट विक्रीची वाट करून दिली, सेंद्रिय मालाला सरकारी प्रमाणपत्र दिले. औषध कंपन्या आणि बडे शेतकरी त्याच्यावर उलटले. १९९० ला थोड्या फरकाने तो पडला. त्याला पाडणारे रिक पेरी पुढे त्या राज्याचे गव्हर्नर झाले. म्हणजे स्पष्ट बोलणारा जुन्या वळणाच्या मुलखात दोनदा निवडूनही येतो आणि थोडक्यात पडतोही. त्या थोडक्याचे काम कार्यकर्त्याने करायचे असते.

गावात काय करता येईल

हे काम उमेदवाराच्या जिवावर टाकून चालत नाही. बोलणारा माणूस बहुधा पैसेवाला नसतो. त्याच्याकडे गाड्यांचा ताफा नसतो. तेव्हा पुढची कामे तुमची.

पहिले काम मतदार यादीचे. निवडणूक जाहीर झाल्यावर यादी हातात घेणे म्हणजे पेरणी उलटल्यावर बियाणे शोधणे. १८ पूर्ण झालेल्या पोराचे, नव्या सुनेचे नाव नमुना ६ भरून लावा. २०२२ पासून नोंदणीसाठी वर्षात चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पत्ता बदलला किंवा नावात चूक असेल तर नमुना ८. चाकण, महाळुंगे, कुरुळीकडे खोली घेऊन राहणारे हजारो कामगार आहेत, त्यांची नावे अजून मूळ गावी आहेत. ते इथेच राहणार असतील तर त्यांना ही माहिती द्या.

दुसरे काम पैशाचे. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे २०२२ पासून ४० लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे. प्रामाणिक माणूस एवढे आणणार कुठून? वाडीने १०० जणांकडून २००-२०० रुपये काढले तरी २० हजार होतात. पावती घ्या. उमेदवाराला निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडावे लागते, रक्कम त्यात जाऊ द्या. एका माणसाकडून १० हजारांच्या वर रोख घेता येत नाही. पत्रक छापले तर त्यावर छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव, पत्ता हवाच. या बारीकसारीक चुकांवरच विरोधक बोट ठेवतात.

तिसरे काम बूथचे. सकाळच्या अभिरूप मतदानापासून शेवटचे यंत्र मोहोरबंद होईपर्यंत बसणारा मतदान प्रतिनिधी द्या, शक्यतो त्याच यादीतला. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष झालेल्या मतांचा हिशेब नमुना १७ सी वर देतात, त्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. धाकदपटशा न करता आठ-दहा तास नुसते जागेवर बसणारा माणूस शंभर भाषणांपेक्षा उपयोगी.

चौथे काम बोलण्याचे. "बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत" ही म्हण कार्यकर्त्यालाही लागू आहे. भावकीत, दूध डेअरीवर, बचत गटात जाऊन शांतपणे सांगा की मी अमक्याला मत देणार आहे आणि कारण हे. वाद घालू नका, समोरच्याच्या नेत्याला शिव्या देऊ नका. एका घरातून दोन मते फुटली तरी पुष्कळ. बायकांशी बायकांनी बोलावे. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. सरपंचबाईंचे पती कारभार पाहतात, हे चित्र बदलायचे असेल तर तिथूनच सुरुवात होते.

भंडारा आणि बहिष्कार

गावात अजून एक प्रकार चालतो. बेल-भंडारा उचलायला लावून शपथा घेतात. "देवाला स्मरून सांग, मत कोणाला देणार?" भावकी बसते आणि ठरवते, फुटला त्याच्या लग्न-मयताला जायचे नाही. वाचकहो, हा कायद्याने भ्रष्टाचार आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ मध्ये उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी मतदाराला जातीबाहेर टाकण्याची, बहिष्काराची किंवा देवाच्या कोपाची भीती घालणे हा गैरवाजवी दबाव ठरवला आहे. त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. त्याशिवाय सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला आणि २०१७ पासून तो लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

एक खरी अडचण मात्र आहे. मतदान यंत्र आल्यापासून मोजणी केंद्रवार होते आणि केंद्रवार आकडे जाहीर होतात. मतपत्रिकेच्या दिवसांत आयोगाने ठरवले तर निरनिराळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका मिसळून मोजता येत. आता लहान गावाचे मत कुठे गेले ते पुढाऱ्याला दुपारपर्यंत कळते. पण कोणाचे मत कुठे गेले, हे कळत नाही. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नीट समजावून सांगा. यंत्रातून आपले नाव वर जाते, ही भीती अजून कित्येकांच्या मनात आहे.

अधिकारी मंडळींसाठी

हे पान ग्रामसेवक, तलाठी (म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी), पोलीस पाटील आणि शिक्षकही वाचतात. त्यांनी यापासून लांब राहावे. वर्तणूक नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याला मत देता येते, प्रचार करता येत नाही, मत कोणाला देणार हे सुचवताही येत नाही. शासकीय नोकराने उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मोजणी प्रतिनिधी म्हणून काम केल्यास कलम १३४-अ प्रमाणे ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उमेदवार कितीही आवडता असला तरी! पण तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे. समाजमंदिर, शाळेचे पटांगण, ध्वनिक्षेपकाची परवानगी ज्या नियमाने सत्तेतल्या उमेदवाराला मिळते, त्याच नियमाने एकट्या माणसालाही मिळू द्या. बहिष्काराची तक्रार आली तर "आपसात मिटवा" म्हणून परत पाठवू नका.

त्यालाही प्रश्न विचारा

शेवटी एक. पाठिंबा म्हणजे भक्ती नव्हे. नुसते मोठ्याने बोलणे म्हणजे स्पष्टवक्तेपणा नाही. कॅमेऱ्यापुढे पुढाऱ्याला शिव्या घालणारे आता पुष्कळ झालेत. तुमच्या उमेदवाराला चार प्रश्न विचारा. कनेरसर, निमगाव, दावडीच्या सेझमध्ये जमीन गेलेल्यांच्या १५ टक्के परताव्याचे काय? भामा-आसखेडच्या विस्थापितांचे काय? चाकणच्या कंपन्यांत स्थानिक पोराला ठेकेदाराच्या हाताखालीच का राहावे लागते? आणि चौथा सर्वात सोपा आणि सर्वात अवघड. "तुमच्या सात-बाराला वहिनींचे नाव आहे का?"

चौथ्यावर जो गडबडला नाही, त्याच्या पाठीशी उभे राहायला हरकत नाही. मात्र तो आपल्यालाही हाच प्रश्न उलटा विचारणार, ही तयारी ठेवा. स्पष्ट बोलणारा माणूस निवडायचा तर त्याचे बोलणे आधी आपल्या घरात शिरते.